फवारणीचं 'औषध' आणि टाळता येणारे मृत्यू

पाऊलखूण

शेतात फवारायच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. औषध मारलं, औषधाचा डबा संपला. एखाद्या घरातून वाईट निरोप येतो तोही त्याच शब्दात, 'त्यानं औषध घेतलं'. सार्वजनिक आरोग्याच्या कामात माझी बरीच वर्षं मृत्यूच्या कारणांचे कागद वाचण्यात गेली. त्या कागदांवर कारणाच्या रकान्यात 'विषबाधा' एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं विष, कोणत्या गटातलं, उपचार किती तासांनी मिळाले, हे बहुतेक वेळा कोरं. हिवतापाने माणूस गेला तर आपण डासाची जात शोधतो. इथे डब्यावरचं नावसुद्धा कुणी उतरवून घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात. २०१० ते २०१४ या काळातल्या आकडेवारीवरून संशोधकांनी जो अंदाज काढला, त्यात वर्षाला साधारण १,१०,००० मृत्यू एकट्या कीटकनाशकांमुळे होत होते. म्हणजे दर सात आत्महत्यांमध्ये जवळपास एक. १९६०च्या दशकात हरितक्रांतीबरोबर ही रसायनं लहान शेतकऱ्याच्या घरात शिरली. तेव्हापासूनची बेरीज १.४ कोटींच्या आसपास जाते. फवारताना अंगावर उडून, अन्नात मिसळून, लहान मुलाने चुकून तोंडाला लावून झालेले मृत्यू यात नाहीत.

इतकी माणसं एखाद्या तापाने मेली असती तर तिला साथ म्हटलं असतं. ही मात्र ज्याची त्याची खाजगी शोकांतिका ठरते.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, की माणूस मरायला का निघाला हा एक प्रश्न आहे आणि तो मेला का हा दुसरा. पहिला सगळे विचारतात. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा डब्यात असतं. विष घेतलेल्या आणि वाचलेल्या लोकांशी आशियातल्या रुग्णालयांमध्ये संशोधक बोलले आहेत. त्यातल्या कितीतरी जणांच्या मनात विचार आला आणि कृती झाली, यात अर्धा तासही गेला नव्हता. भांडण, अपमान, दारू, त्या संध्याकाळी अंगावर आलेली देणी. हा क्षण ओसरतो. वाचलेल्यांपैकी दहात नऊहून अधिक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण घरात जे ठेवलंय ते इतकं जहाल असेल की चूक दुरुस्त करायला जागाच उरत नाही, तर क्षण ओसरून काय उपयोग?

श्रीलंकेचं उदाहरण मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक बैठकीत सांगते. १९९५च्या सुमारास तिथला आत्महत्येचा दर लाखामागे ४७च्या आसपास होता, जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी. १९८४मध्ये पॅराथिऑन आणि मिथाइल पॅराथिऑन ही कीटकनाशकं बंद झाली होती. १९९५मध्ये सर्वाधिक विषारी गटातली उरलेली रसायनंही गेली. त्यांच्या जागी एन्डोसल्फान आलं, झटके येऊन माणसं मरू लागली, रुग्णालयांतून ओरड झाली आणि १९९८मध्ये तेही बंद केलं. २००८ ते २०११मध्ये आणखी तीन रसायनं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर ७० टक्क्यांच्या आसपास खाली आला आणि अंदाजे ९३,००० जीव वाचले. मधल्या काळात तिथे यादवी युद्ध चालू होतं, बेकारी होती, दारू होती. दुःख काही कमी झालं नव्हतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध सगळं या धाग्यावर लिहा. आणि वाचता वाचता कुणाला स्वतःचंच काही आठवून जड झालं, तर जवळच्या माणसाशी बोला, किंवा भारतात असाल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन लावता येतो.

वाफसा

ताई, लिहिलंय तळमळीने, पण बंदी हा शब्द ऐकला की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. मी स्वतः शेती करतो. अळी पडली की हातात चार दिवस असतात. त्या चार दिवसांत जे मिळतं ते मारावं लागतं. निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक. उद्या हे काढून घेतलं तर पीक कोण वाचवणार? आणि श्रीलंकेचं नाव काढलंत म्हणून विचारतो, २०२१ साली तिथेच रसायनांवर बंदी घालून शेती पार कोलमडली होती ना? ते का नाही सांगत?

दुसरं म्हणजे, मूळ दुखणं कर्जाचं आहे, भावाचं आहे. ते सोडून डब्याच्या मागे लागणं मला पटत नाही.

आकडेमोड

वाफसा, २०२१चा मुद्दा रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये तिथल्या सरकारने सगळी रासायनिक खतं आणि सगळीच कृषिरसायनं आयात करणं एका फटक्यात थांबवलं. भाताचं उत्पादन घसरलं आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. पाऊलखूण सांगतायत तो प्रकार वेगळा आहे. तिथे शेकडो रसायनांतली अगदी मोजकी, माणसाला सर्वांत घातक अशी निवडून काढली आणि त्या कामासाठी दुसरी कमी विषारी रसायनं बाजारात होतीच. त्या बंदींच्या वर्षांत भाताचं उत्पादन घटलं का हे तपासलं गेलंय. घटलं नाही.

दक्षिण कोरियाने पॅराक्वाट या तणनाशकाची नोंदणी २०११च्या शेवटी रद्द केली आणि २०१२मध्ये विक्री थांबवली. २०१३पर्यंत कीटकनाशकांनी होणाऱ्या आत्महत्यांचा दर २०११च्या जवळपास निम्म्यावर आला. पिकांच्या उताऱ्यावर परिणाम दिसला नाही. बांगलादेशने सर्वाधिक विषारी गट २०००पर्यंत बंद केला, तिथेही असे मृत्यू पुढच्या वर्षांत ठळकपणे कमी झाले.

माझ्या पेशामुळे मला लगेच शंका येते की दर खाली आला तो बंदीमुळेच कशावरून. श्रीलंकेच्या आकड्यांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बंदीनंतर विष घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या काही तशी कोसळली नाही. माणसं येतच होती. कमी झालं ते आलेल्यांतलं मरणाचं प्रमाण. म्हणजे लोकांचं वागणं तेच राहिलं, डब्यातलं बदललं. शिवाय दुसऱ्या मार्गांनी होणाऱ्या आत्महत्यांत तेवढी भर पडली नाही. 'मरायचं ठरवलेला कसाही मरतोच' हे वाक्य आपण सहज बोलून जातो. आकडे त्याला साथ देत नाहीत.

रात्रपाळी

मी मेडिसिनमध्ये आहे. या विषयावर लिहायचं म्हणून तीनदा सुरुवात केली आणि पुसली.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष घेतलेला रुग्ण दारातून आत आला की आधी वास येतो. लसणासारखा, रॉकेलसारखा. घामाने निथळलेला असतो, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मांसपेशी त्वचेखाली वळवळताना दिसतात. शरीरात ॲसिटिलकोलिन नावाचा एक निरोप्या असतो, तो काम झालं की मोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. हे विष त्या विकरालाच बांधून टाकतं. मग निरोप थांबतच नाहीत. फुप्फुसं पाण्याने भरतात. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

आपल्याकडे ॲट्रोपिन हा उतारा आहे, आणि तो वेळेत, पुरेसा दिला तर काम करतो. दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायचं, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायचं, फुप्फुसं कोरडी होईपर्यंत थांबायचं नाही. रात्रभर एक डॉक्टर एका खाटेपाशी. दोन रुग्ण एकदम आले आणि तुम्ही एकटेच असलात तर काय होतं ते तुम्हीच समजा. मग सकाळी रुग्ण बोलायला लागतो, नातेवाईक हात जोडतात आणि तिसऱ्या दिवशी तोच माणूस उशीवरून मान उचलू शकत नाही. श्वासाचे स्नायू दगा देतात. तेव्हा व्हेंटिलेटर रिकामा असेल तर तो जगतो. हे सगळं मोठ्या रुग्णालयातलं झालं. विषबाधेचे रुग्ण आधी पोचतात ते छोट्या दवाखान्यात, जिथे कधी ॲट्रोपिनचा साठाच संपलेला असतो.

आणि काही रसायनं अशी आहेत की त्यांच्यापुढे आमचे हात बांधलेले असतात. रुग्ण शुद्धीत असतो. बोलतो, घरच्यांची चौकशी करतो, राग तर केव्हाच मावळलेला असतो. 'डॉक्टर, चूक झाली, मला घरी जायचंय' म्हणतो. आणि आम्हाला ठाऊक असतं की मूत्रपिंडं आणि फुप्फुसं आतून निकामी होत चालली आहेत. एका मुलाने मला विचारलं होतं, पुढच्या महिन्यातल्या परीक्षेचा फॉर्म भरू ना. मी हो म्हटलं. पंधरा वर्षं झाली त्याला.

म्हणून पाऊलखूण यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. कुठल्या रसायनाने रुग्ण आला आहे यावर तो जगणार की नाही हे जवळजवळ ठरलेलं असतं. काही कीटकनाशकांत शंभरात एखादाच दगावतो, काहींत चाळीस-पन्नास. दोन्ही डबे एकाच फळीवर असतात.

डब्यावरच्या त्रिकोणाबद्दलही सांगतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे रंग असतात, लाल सर्वांत विषारी. हे रंग मुख्यतः उंदरांवरच्या चाचणीतून ठरतात, किती मात्रेला निम्मे उंदीर मरतात त्यावरून. उंदराला अतिदक्षता विभागात ठेवून उपचार करत नाहीत. त्यामुळे कागदावर मध्यम विषारी ठरलेलं काही वॉर्डात सर्वांत जीवघेणं निघतं. कोण जगलं, कोण गेलं ही नोंद प्रत्येक रुग्णालयाने रसायनाच्या नावासह ठेवली, तर कोणता डबा आधी बंद करायचा हे दोन वर्षांत कळेल. श्रीलंकेला ते कळलं कारण तिथल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या.

निर्मळ

वाचून सुन्न झाले. एक बाळबोध प्रश्न. बंदीला वेळ लागतो, तोपर्यंत प्रत्येक घराला कुलपाची पेटी दिली तर? चावी वेगळ्या माणसाकडे.

आकडेमोड

निर्मळताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. हाच विचार करून श्रीलंकेत फार मोठा प्रयोग झाला. १८० गावं, दोन लाखांवर माणसं, निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या आणि निम्म्यांत नाही. २०१७मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. दोन्हीकडे विष घेणाऱ्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मला वाटतं कारण सरळ आहे. चावी घरातच असते, आणि ज्याच्याकडे असते तोच बहुधा फवारणी करतो. हंगामात पेटी रोज उघडते. लहान मुलांपासून दूर ठेवायला पेटी चांगलीच, ती जरूर वापरावी. पण जहाल विष बाजारात ठेवून प्रत्येक घराला पहारा करायला सांगणं, ही जबाबदारी चुकीच्या खांद्यावर आहे. गढूळ पाणी पुरवायचं आणि प्रत्येकाला उकळून प्या म्हणायचं, तसंच.

तिसरा_प्रहर

कायद्याच्या बाजूने थोडं. भारतात कीटकनाशक कायदा १९६८चा. त्याच्या मागे १९५८ची घटना आहे. केरळात आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑनने दूषित झालेलं धान्य खाऊन शंभरावर माणसं गेली होती. वाहतुकीत विष आणि अन्न शेजारी ठेवलं गेलं होतं. चौकशी आयोग नेमला, दहा वर्षांनी कायदा आला.

आता पुढची गोष्ट बघा. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला २००५पासून मनाई होती, बाकी पिकांना परवानगी. कागदावर चोख नियम. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली, स्वयंपाकाच्या तेलात हेच रसायन सापडलं. कोणत्या पिकावर मारायचं हे ठरवणाऱ्या नियमाला डबा कुणाच्या स्वयंपाकघरात पोचतो ते कळत नाही. डबा विकला गेला की तो कुठेही जाऊ शकतो.

२०१३मध्ये तज्ज्ञ समितीने दुसऱ्या देशांत बंद किंवा मर्यादित असलेली ६६ रसायनं तपासायला घेतली. २०१८मध्ये १८ रसायनांवर बंदीचा आदेश निघाला, काही तत्काळ, काही २०२०च्या अखेरीपासून. मे २०२०मध्ये आणखी २७ रसायनांच्या बंदीचा मसुदा आला. उद्योगाच्या हरकती, नवी समिती, आणि २०२३च्या अंतिम आदेशात पूर्ण बंदी त्यातल्या मोजक्यांवरच राहिली. या प्रत्येक वर्षाच्या दिरंगाईत वॉर्डात काय होत होतं ते रात्रपाळी यांनी लिहिलंच आहे.

जगाच्या पातळीवर रॉटरडॅम करार आहे. घातक रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाला पूर्ण माहिती देऊन त्याची संमती घ्यायची, असा तो. पण यादीत नाव घालायला सगळ्या देशांचं एकमत लागतं, आणि दोनतीन देशही अडवू शकतात. पॅराक्वाट असंच वर्षानुवर्षं अडकून राहिलं. युरोपीय संघात ते २००७पासून वापरता येत नाही. ब्रिटनमध्येही शेतात मारता येत नाही, मात्र तिथल्या कारखान्यात तयार होऊन ते बाहेरच्या देशांना जात राहिलं. ज्या विषापासून स्वतःच्या शेतकऱ्याला वाचवलं ते दुसऱ्याच्या शेतकऱ्याला विकायचं, याचा मला मनापासून संताप येतो.

वाफसा

काल रात्री सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पेटीचं पटलं. माझीच चावी माझ्याच खिशात असते.

एक बाजू मात्र धाग्यात कमी आली आहे, ती फवारणी करणाऱ्याची. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांच्यातल्या कुणालाही मरायचं नव्हतं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, म्हणजे फवारा अंगावरच. दोनतीन औषधं एकत्र कालवून मारायची सवय. पंप गळका, पाठ ओली. वारा फिरला की तोंडावर. भर उन्हात रबरी मोजे, मुखवटा, अंगभर सूट घालून कुणी अर्धा तास टिकून दाखवावं. डब्यावर सूचना असतात, पण भिंग लागेल इतक्या बारीक, आणि मजुराला ती भाषा येतेच असं नाही. नंतर म्हणतात, शेतकऱ्याने काळजी घेतली नाही.

मला स्वतःला एकदा फवारताना गरगरलं होतं. डोळ्यांपुढे अंधुक झालं, घाम फुटला, उलटी झाली. उन्हाचं असेल म्हणून बांधावर पडून राहिलो आणि तासाभराने उरलेलं वावर संपवलं. वर रात्रपाळींनी लिहिलेली लक्षणं वाचताना ते आठवलं.

पण कर्जाचा प्रश्न मी सोडलेला नाही. त्याचं काय?

पाऊलखूण

वाफसा दादा, सोडूही नका. कर्ज, भाव, दारू, घरातली मारहाण, मनाचे आजार, या सगळ्यावर काम व्हायलाच हवं, आणि ते पिढ्यांचं काम आहे. पण विष घेणाऱ्यांत फक्त कर्जबाजारी शेतकरीच नसतात. सासरी कोंडलेली मुलगी असते, दहावीत नापास झालेला पोरगा असतो, आजाराला कंटाळलेली आजी असते. त्यांच्या सगळ्यांच्या दुःखाचं मूळ वेगवेगळं, डबा तोच.

इंग्लंडमधलं एक उदाहरण देते. तिथे घरोघरी कोळशापासून केलेला गॅस यायचा, त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर. १९६०च्या दशकात तो वायू कमी होत गेला आणि पुढे नैसर्गिक गॅस आला. देशातल्या एकूण आत्महत्या जवळजवळ एक तृतीयांशाने घटल्या. कुणी लोकांना सुखी करण्याची योजना आखली नव्हती. गॅस बदलला होता.

म्हणून सार्वजनिक आरोग्यात आम्ही म्हणतो की कारणं शोधत राहा, पण जे आज एका सहीने होऊ शकतं ते अडवून धरू नका. २०२३मध्ये बॉनला झालेल्या जागतिक रसायन परिषदेत, अतिघातक कीटकनाशकं, जिथे धोका आटोक्यात ठेवता आलेला नाही आणि सुरक्षित पर्याय आहेत तिथे, २०३५पर्यंत शेतीतून बाहेर काढण्याचं लक्ष्य मान्य झालंय. २०३५ मला फार लांब वाटतं. दरवर्षीचा आकडा घेऊन गुणाकार करून बघा.

फवारणीचा मुद्दा तुम्ही आणलात ते फार बरं झालं. माणसाला कमी विषारी रसायन हा फवारणाऱ्याचाही बचाव आहे. सूट-मोजे ही शेवटची तटबंदी असते. आपण तीच पहिली करून ठेवली आहे.

अबोली

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा भाऊ असाच गेला. बावीस वर्षांचा होता. दुपारी बाबांशी बोलाचाली झाली होती. फार मोठं कारण नव्हतं, तशी भांडणं आमच्याकडे महिन्यातून दोनदा व्हायची. तो स्वतःच आईकडे येऊन म्हणाला, आई, मला दवाखान्यात ने. स्वतःच म्हणाला. मरायला निघालेला माणूस असं म्हणतो का? पुढच्या सहा दिवसांबद्दल मी इथे लिहीत नाही.

लोकांनी आम्हाला किती वर्षं एकच विचारलं, 'असं काय झालं होतं?' बाबांनी ते उत्तर शोधण्यात उरलेलं आयुष्य घालवलं. ते शब्द परत घेता आले असते तर, तिथेच ते अडकले. आज या धाग्यावर पहिल्यांदा कुणी विचारलं की तो डबा एवढा जहाल का होता. बाबा असते तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

आणखी एक. आम्ही रुग्णालयात खोटं सांगितलं होतं. चुकून पोटात गेलं असं. कुणीतरी घाबरवलं होतं की पोरगा वाचला तरी त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. त्या भीतीत आमचे पहिले दोन तास कुठला दवाखाना, काय सांगायचं, यात गेले.

रात्रपाळी

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल काय बोलू. तुमच्या भावासारखे 'मला वाचवा' म्हणणारेच मी अधिक पाहिले आहेत. तुमच्या बाबांच्या शब्दांनी तो गेला नाही, हे एक डॉक्टर म्हणून सांगतो.

गुन्ह्याच्या भीतीबद्दल सगळ्यांसाठी स्पष्ट लिहितो. मानसिक आरोग्य कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार अशा माणसाला तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याला शिक्षा करायची नसते, उलट उपचार आणि आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं पूर्वीचं कलम ३०९ तर जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत राहिलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, तो कागदाचा भाग आहे. त्यापायी खरं लपवू नका. कोणतं विष हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं तर उपचार बदलतात.

निर्मळ

डॉक्टर, घरात किंवा शेतात असं घडलं तर पहिल्या काही मिनिटांत आम्ही काय करायचं? आणि काय करायचं नाही?

रात्रपाळी

उलटी काढायला लावू नका. मीठ-पाणी, तेल, दूध, अंडं, काहीही पाजू नका. घशात बोटं घालू नका. या घरगुती उपायांत विष फुप्फुसात उतरतं आणि वेळ जातो. कपड्यांवर, अंगावर उडालं असेल तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं. धुणाऱ्याने हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी घालावी. गुंगी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. गाडी मिळवा, १०८ला फोन करा. डबा किंवा त्याचं लेबल सोबत आणा, हात न लावता पिशवीत घालून. लेबलचा फोटो काढलात तरी चालेल.

रुग्ण बरा दिसतो म्हणून घरी थांबू नका. काही विषांची लक्षणं उशिरा दिसतात. फवारताना गरगरलं, घाम सुटला, अंधुक दिसलं तर ऊन समजून पडून राहू नका. वाफसा दादा, हे तुमच्यासाठी. आणि जो वाचून घरी येतो त्याला पुढचे काही आठवडे एकटं सोडू नका, टोमणे मारू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

वाफसा

आज गोठ्यामागच्या खोलीतले सगळे डबे बाहेर काढले. सात निघाले. दोनवर लाल त्रिकोण. तीन डब्यांची मुदत संपलेली. एका पाण्याच्या बाटलीत काहीतरी तपकिरी ओतून ठेवलं होतं, काय ते मलाही आठवेना. आमची नात त्याच खोलीत लपाछपी खेळते.

लाल त्रिकोणाची दोन्ही कशासाठी आणली होती ते आठवलं. त्याच किडींवर दुसरं कमी विषारी औषध असतं, कृषी सहायकाने मागे सांगितलं होतं, मीच जुन्याची सवय म्हणून हेच मागून घेत होतो. आता हे टाकायचं कुठे? नाल्यात ओतू का जमिनीत पुरू?

आकडेमोड

दादा, दोन्ही नको. नाल्यात ओतलं तर पाण्यात जाईल, पुरलं तर विहिरीत झिरपेल. जाळूही नका, धूर विषारी असतो. मुदत संपलेले डबे आहेत तसे, मूळ झाकणासह, वेगळे ठेवा आणि कृषी विभागाला लेखी कळवा की ते कुठे जमा करायचे. पूर्ण रिकामा डबा असेल तर तीनदा पाण्याने विसळून ते पाणी पंपातच घाला, मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही.

ती बिननावाची बाटली सर्वांत आधी हलवा. वर मोठ्या अक्षरांत 'विष' असं लिहून चिकटवा. औषध लिहू नका.